पाऊण तासाचा दोर

मला पाहायला आलेल्या मुलाने कांदेपोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि पाण्याची बादली मागितली. आमच्या शिंदखेड्याच्या ओसरीवर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

त्याला तसं करायला लावलं होतं माझ्या वडिलांनी. गावभर त्यांना नाना म्हणत, आम्हीही नानाच म्हणायचो. विहिरी खणणं हे त्यांचं काम. नरडाण्यापासून पार तापीकाठापर्यंत त्यांनी खणलेल्या विहिरी होत्या. मुलगा जळगावच्या मेहरूणचा, शिकलेला इंजिनियर. कलकत्त्याला शहराच्या पोटातून रेल्वे न्यायचं काम चाललं होतं, त्या भुयारात तो नोकरीला होता. नानांनी त्याला आपल्या उजव्या हाताला बसवून घेतलं होतं, कारण डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे. पगार, शेती, घरदार यातलं काहीही न विचारता त्यांनी विचारलं, "तठे दगड कोनता लागस?"

"दगड नाहीच, नाना. सगळी ओली चिकणमाती."

"दगडच नही? मंग ते भुयार उभं कसं ऱ्हास? पानी उनं तं?"

तेव्हा त्याने बादली मागितली. पेल्यात रुमाल कोंबला, पेला पालथा करून पाण्यात सरळ खाली दाबला आणि वर काढला. रुमाल कोरडा होता. म्हणाला, "आम्ही भुयारात अशीच हवा दाबून भरतो. ती पाण्याला आणि मातीला आत येऊ देत नाही. आम्ही त्या हवेत काम करतो."

नानांनी रुमाल बोटांनी चाचपून बघितला. "आनि पेला तिरपा व्हयना तं?"

"तो तिरपा होऊ द्यायचा नाही, तेच माझं काम."

पाहुणे गेल्यावर नाना मला एवढंच म्हणाले, "पोरी, कामना मानूस शे." मलाही तो आवडला होता. मुलगी बघायला येऊन त्याने माझ्याकडे दोनदाच पाहिलं, पण दोन्ही वेळा हसला.

लग्नानंतर कलकत्त्यात खोली मिळेपर्यंत मी मेहरूणला सासरी राहिले. त्याचं आठवड्याला एक पत्र यायचं. पत्रात भुयाराचं फार नसे. तिथल्या भाताचं, घामाचं, ओरिसा-बिहारकडच्या मजुरांच्या गमतींचं असे. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमचा मुलगा रेल्वेत आहे." जमिनीखाली आहे हे त्यांच्या तोंडून निघत नसे.

मग एके दिवशी तो न कळवता घरी आला. महिनाभराची रजा होती. रिक्षातून उतरताना त्याने दोन्ही हातांनी दांडी धरली होती. "पाय घसरला," म्हणाला. सासूबाईंनी तेल गरम करून गुडघे चोळले. मी शिंदखेड्याला पत्र टाकलं, त्यात जावयाचे गुडघे दुखतात अशी एक ओळ लिहिली. चौथ्या दिवशी नाना एस्टीने दारात हजर. हातात शेंगांची पिशवी आणि काखेत अंबाडीच्या वाखाची जुडी.

चहा झाला. नाना जावयाला खाली बसताना बघत होते. मग हळूच म्हणाले, "जवाईबापू, पाय घसरना तं एक गुडघा दुखस. तुमना दोन्ही दुखतस, आनि खांदाबी."

मी दारातच उभी होते. शेवटी त्याने सांगितलं. त्या दाबलेल्या हवेतून एकदम उघड्यावर येता येत नाही. मध्ये एक लोखंडी खोली असते, तिथे पाऊण तास बसायचं, हवा हळूहळू कमी होते, मग बाहेर. रोज तेच. नुसतं बसायचं, करायला काही नाही. एका दुपारी तो खोलीत एकटाच होता आणि त्याला कंटाळा आला. बाहेरच्या माणसाला सांगून त्याने झडप जरा भरभर सोडायला लावली. बाहेर आल्यावर तासाभरात सांधे असे दुखायला लागले की उभं राहवेना. डॉक्टरांनी पुन्हा आत नेऊन दाबाखाली ठेवलं, म्हणून निभावलं.

"मीच मजुरांना रोज सांगतो, घाई करू नका," तो म्हणाला.

मला राग आला होता. माझ्यापासून लपवलं म्हणून. पण मी बोलण्याआधी नानाच बोलले.

"मना डावा कान कसा गया, पोरले मी सांगेल नही." ते माझ्याकडे वळले. लहानपणी तापात कान गेला, असंच मी ऐकत आले होते. एका विहिरीत पेटवलेला सुरुंग उडाला नव्हता. अशा वेळी वर थांबायचं असतं, चांगलं तासभर. नाना तरुण होते, दिवस मावळायच्या आत काम उरकायचं होतं. ते लवकर उतरायला लागले आणि अर्ध्यावर असताना सुरुंग उडाला. कमरेच्या दोराने वाचले, कान मात्र गेला. "तधळपाईन मी दोर वयस," ते म्हणाले. तेव्हापासून वाट बघायची वेळ आली की ते काठावर बसून दोर वळत. हात गुंतलेले असले की पाय उठत नाहीत.

जुडी त्यासाठीच आणली होती. पुढचे तीन दिवस सासरा नि जावई ओट्यावर बसून वाख मांडीवर वळत होते. इंजिनियरचा दोर पहिल्या दिवशी जागोजागी सुटायचा, नाना तो मुकाट्याने उलगडून परत हातात द्यायचे. सासूबाई आधी वैतागल्या, मग त्यांनीही एक पेड वळून दाखवला आणि दोघांपेक्षा चांगला वळला.

तो परत गेला. तिकडे तागाला तोटा नव्हता. सहा महिन्यांनी मी कलकत्त्याला गेले तेव्हा खोलीत दोराची वेटोळी पडली होती, कारण त्या लोखंडी खोलीत आता पाळीवरचे सगळेच दोर वळत बसायचे. दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या गावी एक वेटोळं जायचं. पुन्हा त्याचे सांधे कधी दुखले नाहीत.

पुढे भुयारातली गाडी सुरू झाली तेव्हा नाना जळगावहून दोन रात्रींचा प्रवास करून आले. धोतर, टोपी, पायात नव्या वहाणा. आम्ही सगळे त्या गाडीत बसलो, आमची मुलगी त्यांच्या कडेवर होती. माझ्या नवऱ्याने बांधलेला टप्पा आला तसं त्याने नानांच्या उजव्या कानाशी सांगितलं, "आता. इथून." नाना खिडकीला नाक लावून काळ्या भिंतीकडे बघत राहिले. स्टेशन आलं, टप्पा संपला. ते म्हणाले, "परत."

परत गेलो. या खेपेला त्यांनी डब्यातल्या लोकांकडे पाहिलं. कुणी पेपर वाचत होतं, कुणी डुलक्या घेत होतं. नाना जरा चिडले. "भितकडे कोनी देखतच नही!"

"नको बघू देत, नाना," तो हसला. "भीती वाटली असती तर बघितलं असतं."

नानांनी मुलीला सीटवर उभं केलं, तिचा तळवा भिंतीकडच्या काचेवर ठेवला आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.