नागोजी बेलीफाचं बिनखर्ची मटण

नागोजी बेलीफाच्या घरात सतरा वर्षांत खाटकाकडची पिशवी आली नव्हती. आणि त्याच सतरा वर्षांत नागोजीनं जेवढं मटण खाल्लं, तेवढं बेळगावच्या पलटणीतल्या एखाद्या हवालदारानंही खाल्लं नसेल. या दोन गोष्टींत काही विरोध आहे असं त्याला कधी वाटलं नाही. मटण विकत आणणारा माणूस त्याच्या मते दोनच प्रकारचा असायचा: एक, ज्याला पैपाहुणे नाहीत तो; आणि दुसरा, ज्याला गावोगावच्या जत्रांच्या तिथ्या पाठ नाहीत तो.

नागोजीला पाहुणेही होते आणि तिथ्याही पाठ होत्या. निपाणी-चिकोडीकडच्या गावांतून जत्रा दरसाल भरते. बेळगाव-खानापूरकडं ग्रामदेवी लक्ष्मी जत्रेला सवडीनं बसते, कुठं दहा वर्षांनी, कुठं वीस. पण गावं इतकी, की यंदा कुठं ना कुठं ती बसलेली असायचीच. पहिला दिवस गोडाचा, दुसरा खाऱ्याचा, म्हणजे मटणाचा. नागोजी दुसऱ्या दिवशी जायचा. देवीवर त्याची श्रद्धा होती, पण पुरणपोळीनं त्याला पित्त व्हायचं.

नोकरीही त्याला देवानं बघूनच दिली होती. कोर्टाची समन्सं गावोगाव नेऊन बजावायची, एवढंच काम. लांबच्या गावाचं समन्स निघालं की बाकीचे बेलीफ पोटदुखी काढून बसायचे; नागोजी हात पुढं करायचा. फक्त ते कुठल्या दिवशी न्यायचं, हे तो लक्ष्मीवर सोपवायचा. जत्रेच्या दिवशी पक्षकार हमखास घरी सापडतो, आणि दारात आलेल्या माणसाला, मग तो फिर्यादीचा बाप का असेना, न जेवता लावून देणं त्या दिवशी पाप असतं. समन्स घेणारा आधी अंगठा उठवायचा आणि मग पान मांडायचा. त्याचे वरिष्ठ, नाझर दत्तोपंत, पक्के शाकाहारी. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "आमच्या नागोजीचं समन्स कधी परत येत नाही," असं ते साहेबांना अभिमानानं सांगत.

घरी बायको बाळाबाई. हिंडलग्यापलीकडं दोन मैलांवर त्यांचं गाव होतं. नागोजी जत्रेहून आला की हातपाय धुऊन सांगायला बसायचा: कोगनोळीला रस्सा कसा होता, तर्री कशी वर आलेली, नळी कशी फुटली. बाळाबाई आमटी-भाकरी खात ऐकायची. त्या घरात मटण येत नव्हतं. मटणाची हकीकत मात्र वेळच्या वेळी येत होती.

राहता राहिली गावची स्वतःची जत्रा. ती साथीच्या तापाच्या आधी कधीतरी झाली होती. पुढं रथाला पहिला हात कुणाचा, यावरून दोन पाटील घराण्यांत जुंपली आणि लक्ष्मी देवळातच राहिली. नागोजी कोर्टातला माणूस म्हणून दोन्ही वाड्यांवर सल्ल्याला जायचा आणि दोन्हीकडं एकच सांगायचा, "आप्पा, मान सोडू नका. मान गेला की मागं काय उरतंय?" तंटा मिटला असता तर गावभर पाहुणे आले असते, आणि नागोजीकडं कोण कोण आलं असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण छत्तीस सालच्या माघात जनावरांत रोग शिरला. चार बैल गेले तशा बायका म्हणाल्या, लक्ष्मी कोपली. दोन्ही पाटलांनी एका सकाळी एकदमच रथाला हात लावायचं कबूल केलं. इतका सोपा तोडगा इतकी वर्षं कसा सुचला नाही, याचं गावाला नवल वाटलं. नागोजीला वाटलं नाही.

"ऐकलंय न्हवं?" बाळाबाई म्हणाली. "चैतात लक्ष्मी बसणार."

"ऐकलं."

"बकरी किती धरायची?"

"बकरी?"

"मग काय समन्स शिजवून घालायचं लोकास्नी? कोगनोळीची मालुआक्का आन् दाजी येणार, चिकोडीची येणार, निपाणीची येणार. ज्यांच्यात ज्यांच्यात जेवलाय ती समदी येणार."

"सगळीच कशी येतील गं?"

"तुमी कुटलं घर सोडलंय काय?"

दुसऱ्या दिवशी हिंडलग्याच्या तुरुंगाच्या भिंतीकडेनं कोर्टाला जाताना नागोजीच्या मनात आलं, की आत कुणाकडं पाहुणे येत नाहीत. सतरा वर्षांत ज्या गोष्टीवर एक आणा गेला नाही, तिच्यावर एका दिवसात सगळी शिल्लक जाणार होती. कोर्टात पोचेपर्यंत त्याला वाट सापडली. माळकऱ्याच्या घरात वशाट शिजत नाही. तुळशीची माळ घातली, की पाहुण्यांना खाऱ्या दिवशीही डाळभात चालतो आणि वर पाहुणेच नमस्कार करतात. जत्रेनंतर महिन्या-दोन महिन्यांत एखादा वैद्य अशक्तपणा काढेल, पायाचा रस्सा सांगेल, आणि माळ विठोबाच्या पायाशी परत जाईल.

विठोबाच्या देवळात मारुतीबुवा भजन करायचे. एकादशीला नागोजी त्यांच्यापुढं जाऊन बसला.

"नागोजी, माळ म्हंजे दावं न्हवं," बुवा म्हणाले. "सकाळी बांधलं आन् सांजचं सोडलं, असं न्हाय."

"आतनंच वाटायलंय, बुवा."

"कवापासनं?"

"परवापासनं."

आयुष्यात परमार्थाबद्दल नागोजी एवढं एकच वाक्य खरं बोलला.

माळ बघून बाळाबाई भाकरी थापत राहिली. नागोजीनंच समजावलं, की आता या घरात वशाट शिजायचं नाही, त्याला इलाज नाही.

"न्हायच शिजणार," ती म्हणाली. "मी परड्यात चूल मांडते. उंबऱ्याच्या आत एक बोटी येणार न्हाय."

"आगं, पन बकरी कशानं आणतीस?"

"यल्लाप्पाण्णा आणतोय."

यल्लाप्पा तिचा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी तिनं आपली एक शेळी त्याच्याकडं अर्ध्या वाट्यानं पाळायला दिली होती. शेळ्यांना नागोजीसारखा विचार करता येत नसल्यानं त्या वाढत गेल्या होत्या. बाळाबाईच्या वाट्याचे आठ बोकड यल्लाप्पाच्या गोठ्यात उभे होते, आणि ही हकीकत तेवढी या घरात कधी सांगितली गेली नव्हती.

"मला विचारायचं तरी!"

"माळ तुमच्या गळ्यात हाय, माझ्या न्हाय. सतरा वर्सं ज्या बायांनी तुमास्नी वाढलं, त्यांची तोंडं बघायची हाईत मला."

खाऱ्या दिवशी गाव फुलून गेलं. बाळाबाईच्या परड्यात तीन चुली पेटल्या, आणि वाऱ्यानं जणू वैर धरून सगळा वास पुढच्या कट्ट्याकडं वळवला. कट्ट्यावर नागोजी बसला होता; कपाळी गंध, गळ्यात माळ. गाड्या येऊन सुटत होत्या. उतरणारा प्रत्येक माणूस आधी नाक वर करून परड्याकडं बघायचा आणि मग नागोजीकडं.

कोगनोळीचे हरिभाऊ दाजी उतरले. मालुआक्काचे यजमान, वयानं वडीलधारे.

"काय रं नागोजी, आज तरी आमास्नी वाढणार न्हवं?" असं म्हणता म्हणता त्यांना माळ दिसली. ते थबकले. पायताण काढलं आणि वाकून पाया पडले. "देवा! तू आन् माळ! पांडुरंग कुनाला पावंल सांगता येत न्हाय."

"अवं दाजी, उठा, उठा."

"बुवा, आता समन्स आणताना संगट टाळ बी आणायचा काय?" चिकोडीच्या आण्णाप्पानं विचारलं. त्याच्यावर नागोजीनं तीन समन्सं बजावली होती, तिन्ही जत्रेतच. कट्ट्याभोवती हशा झाला. पण हसून झाल्यावर आण्णाप्पाही पाया पडला.

तेव्हा कुठं नागोजीच्या ध्यानात आलं. चोरून खायचं तर माळ एका गावात घालावी आणि दुसऱ्या गावात सदऱ्याच्या आत ढकलावी, एवढी साधी गोष्ट. पण ज्यांच्या घरी तो सतरा वर्षं जेवला होता ती सगळी घरं आज त्याच्याच अंगणात, एकाच वेळी, त्याच्या गळ्याकडं बघत उभी होती. खुद्द लक्ष्मीनं दवंडी पिटली असती तरी इतक्या गावांना इतकी पक्की खबर लागली नसती.

पंगती संध्याकाळपर्यंत उठत होत्या. बाळाबाई पदर खोचून स्वतः वाढत होती. शेवटच्या पंगतीला ती मालुआक्काच्या मांडीला मांडी लावून बसली आणि सावकाश, कुणी हाक मारली तरी मान वर न करता जेवली. नागोजीच्या पदरचा एक आणाही खर्च झाला नाही. हे त्याला दोनदा स्वतःला सांगावं लागलं.

महिन्याभरानं तो वैद्याकडं गेला. वैद्यानं नाडी बघितली, मग हात जोडले. जत्रेत तोही जेवून गेला होता. "बुवा, प्रकृतीला माळ मानवलीय तुमच्या. तोंडावर तेज आलंय." ते तेज नव्हतं, राग होता; पण वैद्यानं तुपाशिवाय दुसरं औषध सांगितलं नाही. कोर्टात नागोजी आता लांबच्या समन्सांना हात पुढं करीना. नाझर दत्तोपंतांनी त्याच्या नावापुढं शेरा मारला: "अलीकडे कामात उत्साह नाही."

कोगनोळीची जत्रा आली. न जावं तर मालुआक्का रुसणार, म्हणून नागोजी गेला. दाजींनी वेशीपासून हात धरून आणलं, "बुवा आलं, बुवा आलं," म्हणत. बाहेरच्या ओसरीवर पंगत बसली होती आणि रस्सा फिरत होता. नागोजीला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, तुळशीसमोर पाट मांडला. त्याच्यासाठी नवं मडकं आणलं होतं, चूल निराळी सारवली होती. पानात भात पडला, वरण पडलं. मालुआक्का स्वतः उभी राहिली.

"नागोजी, बाबा, एक विचारायचं ऱ्हायलं. कांदा चालतोय न्हवं तुला?"

नागोजीनं पंगतीकडं पाहिलं. रश्श्यात भाकरी मोडायची थांबवून सगळी पंगत त्याच्याकडं बघत होती.

"न्हाय," नागोजी म्हणाला.