शर्यतीच्या सायकलचं हँडल
पंक्चरच्या सोल्यूशनचा वास आला, की मला ती जुनी शर्यतीची सायकल आठवते. अलिबागच्या कॉलेजातला पहिला तास चुकू नये म्हणून वडिलांनी ती मुंबईहून कुणाकडून तरी विकत आणली होती. मडगार्ड काढलेलं, हँडल खाली वळवलेलं. मिठागराच्या बांधावरून मी ओणवा होऊन सुसाट जाई आणि वेळेवर पोहोचे. आठवड्याभरात चुलते वडिलांना म्हणाले, “पोरगा कालेजात काय गेला, राम राम घालाया मान पन वर करत न्हाय!” वडिलांचा चेहरा उतरला. मी पाना घेऊन हँडल उलटं, वर वळवून बसवलं. मग माणसं दिसू लागली. जो तो थांबवून चौकशी करी, एखादा पुढच्या नळीवर बसूनही घेई. पहिल्या तासाला काय शिकवत, ते मला आजही नीटसं सांगता येणार नाही.