काड्यांचे भगवानराव

पिंपळगाव राजाच्या शालूबाई कुरडया वाळत घालायला माळवदावर चढल्या आणि उतरताना शिडीची एक पायरी चुकल्या, त्या थेट खामगावच्या हाडांच्या डॉक्टरकडे पोचल्या. घोट्याला चीर गेली होती. प्लास्टर लागलं, पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी ताकीद मिळाली, आणि लग्न होऊन आल्यापासून जिनं दुपारची पाठ टेकली नव्हती ती बाई ओसरीतल्या खाटेवर उशीला टेकून बसली.

हाल झाले ते घरच्यांचे. पाय बांधला होता, तोंड मोकळंच होतं. खाटेवरून स्वयंपाकघर दिसत नसे, पण शालूबाईंचं नाक शाबूत होतं. भाजी बुडाला लागली, दुधाखालचा गॅस मोठा राहिला, आज जिरं जास्त पडलं, सगळं त्या बसल्या जागेवरून सांगत. सून मंजुश्री गावातल्या बालवाडीत शिकवायची. तिनं सासूला आधी कीर्तनं लावून दिली, मग मालिका लावून दिल्या. मालिकेतल्या सुनेची पोळी कच्ची आहे, असं शालूबाई तिथूनही सांगू लागल्या. शेवटी मंजुश्रीनं आपला जुना मोबाईल काढला आणि त्यातलं चित्रं हलवायचं ॲप उघडून त्यांच्या हातात दिलं. बालवाडीच्या लेकरांसाठी तिनं ते कधीतरी उतरवून ठेवलं होतं.

काम सोपं होतं. एक गोल काढला की डोकं, उभी रेघ ओढली की धड, चार तिरप्या रेघा म्हणजे हातपाय. असा काड्यांचा माणूस पहिल्या पानावर काढायचा. दुसऱ्या पानावर तोच, पण जरासा पुढे. तिसऱ्यावर अजून जरासा. मागच्या पानावरचं चित्र खाली फिकट दिसत राहतं, त्याच्या आधारानं पुढचं काढायचं. मग बटण दाबलं की पानं भराभर उलटतात आणि माणूस चालायला लागतो.

"आन चालून जाते कुठं?" शालूबाईंनी विचारलं.

"तुम्ही न्याल तिकडे, आत्याबाई," मंजुश्री म्हणाली आणि पटकन बालवाडीत निघून गेली.

शालूबाईंचा पहिला माणूस कुठेच गेला नाही. जागच्या जागी लटलट कापत राहिला. भगवानरावांनी, म्हणजे शालूबाईंच्या यजमानांनी, चष्मा पुसून तो पाहिला आणि याला हिवताप आहे असं निदान केलं. दुसरा माणूस चालला खरा, पण प्रत्येक पानावर त्याचं डोकं थोडं थोडं मोठं होत गेलं आणि पानं संपेपर्यंत मानेवर कोहळा बसला. तिसऱ्याचे पाय हलत होते, पण तो शेवाळावरून घसरल्यासारखा नुसता सरकत होता. त्यातून डावा पाय कोणता आणि उजवा कोणता याचा घोळ असा झाला की दोनदा त्याचा एकच पाय पुढे गेला आणि दुसरा मागे राहूनच गेला. मंजुश्रीनं एक पाय लाल रंगानं काढायला सुचवलं, तेव्हा तो गुंता सुटला.

पण चाल काही जमेना. मग शालूबाईंनी खाट ओसरीच्या कडेला ओढून घ्यायला लावली. समोरून रस्ता जात होता. त्या रस्त्यावरून माणसं येत-जात होतीच, आता शालूबाई त्यांचे गुडघे बघू लागल्या. दूध घालायला येणाऱ्या गोकुळला त्यांनी फाटकातच जोरात थांबायला सांगितलं. पाय टेकवू नको, तसाच राहा, म्हणाल्या. पायाखाली विंचू असणार या समजुतीनं तो बापडा एका पायावर, हातात किटली धरून, डोळे मिटून उभा राहिला. शालूबाईंनी सावकाश बघून घेतलं, गुडघ्याची रेघ ओढली आणि मग त्याला आत यायची परवानगी दिली. त्या दिवसापासून तो किटली भिंतीवरूनच आत द्यायला लागला.

हळूहळू गोष्टी उलगडत गेल्या. माणूस चालताना त्याचं डोकं एका रेषेत जात नाही, पावलागणिक खालीवर होतं. समोरच्या घरची बकरी ओट्यावर उडी मारायच्या आधी अंग खाली दाबून घेते, म्हणून तिची उडी उडी वाटते. शालूबाईंनी आपल्या काड्यांच्या माणसालाही उडीच्या आधी थोडं वाकवलं, आणि तो असा काही उडाला की त्यांनी स्वतःशीच टाळी वाजवली. आता स्वयंपाकघरात करपलेलंही त्यांना कळेनासं झालं. मंजुश्रीला आधी बरं वाटलं, मग चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

एके दिवशी बसल्या बसल्या त्यांच्या बोटांनी एक चाल काढली. ठरवून नाही, आपसूक उमटली. काड्यांचा माणूस उजवा खांदा पुढे काढून, डावा हात पाठीवर ठेवून निघायचा. थोडं चालला की थांबायचा, कोणी हाक मारली की काय म्हणून वळून मागे पाहायचा. हाक कोणीच मारलेली नसायची. मग तो पायजमा वर ओढायचा आणि पुढे चालू लागायचा.

संध्याकाळी भगवानरावांनी ते पाहिलं आणि ते पोट धरून हसले. "हा तं जानराव होय," ते म्हणाले. "बराबर जानराव. काय पकडला वं तू त्याले."

जानराव म्हणजे त्यांचे शेतशेजारी. दोघांची शाळेपासूनची मैत्री होती आणि तेव्हापासूनचीच चढाओढ. शालूबाई पदरानं मोबाईलची काच पुसत बसल्या. मंजुश्रीनं पदर तोंडाशी नेला. भगवानरावांनी मात्र ते चित्र आपल्या मोबाईलवर मागवून घेतलं, 'ओळखा पाहू कोण?' असं खाली लिहिलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकून दिलं.

उत्तरं यायला वेळ लागला नाही. भगवानराव, असं एकानं लिहिलं. आपले भगवानराव, दुसऱ्यानं लिहिलं. खांदा पाहूनच शंका आली होती, पायजमा ओढला तेव्हा खात्री पटली, असं तिसऱ्यानं सविस्तर कळवलं. जानरावांनी एवढंच लिहिलं : राम राम भगवानराव.

भगवानरावांनी मोबाईल उलटा ठेवला. "मी कवा मांगं वळून पाहतो?" त्यांनी घरातल्यांना विचारलं. मग ते तरातरा उठून बाहेर निघाले, फाटकापाशी गेले, थांबले आणि वळले. ओसरीत सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांची मान अर्ध्यात अडकली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चाल बदलली. दोन्ही हात सरळ खाली, छाती पुढे, नजर समोर. पायजम्याला दुहेरी नाडी. कवायतीला निघाल्यासारखे ते गल्लीतून जाऊ लागले. घरच्या कुत्र्यानं त्यांना ओळखलं नाही, ते वेशीपर्यंत भुंकत मागे गेलं. पानठेल्यावर कोणीतरी कंबर कधी धरली म्हणून आपुलकीनं विचारलं आणि तेलाचं नाव सांगितलं. घरी ते शालूबाईंशी बोलत नव्हते. भाकर हवी असली तर मंजुश्रीकडे पाहून बोलत.

असेच ते एका सकाळी खामगावला जायला स्टँडवर निघाले. वाटेत जानरावांनी मागून हाक मारली. भगवानरावांनी ओळखलं, हा आपल्याला वळायला लावतोय. त्यांनी छाती आणखी पुढे काढली. जानराव ओरडत राहिले, भगवानराव चालत राहिले, समोर उभ्या असलेल्या एसटीत चढले आणि वळून न बघता बसून राहिले. गाडी सुटल्यावर त्यांनी खिसा चाचपला. चष्मा नव्हता, वाटेतच पडला होता. जानराव तेच ओरडून सांगत होते. आणि चष्म्याशिवाय गाडीवरची पाटी वाचता आली नव्हती, त्यामुळे ते खामगावऐवजी नांदुऱ्याला उतरले.

परत यायला त्यांना उन्हं कलली. घराच्या फाटकाशी आले तर अंगणात वेगळाच प्रकार चालला होता. चष्मा द्यायला आलेले जानराव मिशीला पीळ देत इकडून तिकडे चालत होते आणि शालूबाई खाटेवरून त्यांना, भाऊजी जरा सावकाश, म्हणून सांगत होत्या. गावात सगळीकडे भगवानरावांचंच नाव निघतं, आपलंही एखादं चित्र काढा, अशी गळ जानरावांनीच घातली होती.

भगवानराव फाटक ढकलून आत आले. नांदुरा, ऊन, कुत्रं, ग्रुप, सगळं त्यांच्या डोक्यात एकदम आलं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"माह्या चालीत काय कमी होतं?"

"काहीच नोतं," शालूबाई म्हणाल्या. "पन तुमी तं ते चालच सोडली. आता ज्याची हाय त्याची काढतो."

भगवानरावांनी जानरावांना खाटेशेजारी बसायला सांगितलं. चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला. मग उजवा खांदा पुढे काढला, डावा हात पाठीवर नेला आणि अंगणातून निघाले. तुळशीपाशी थांबले, वळून पाहिलं, पायजमा ओढला. दुहेरी नाडीमुळे तो ओढायची काही गरज नव्हती, तरी ओढला.

तेव्हापासून त्यांना त्यात गोडी लागली. खांदा जास्त झाला, इथे एक पान कमी पडलं, असं ते सांगू लागले. काड्यांचे भगवानराव बैलगाडी हाकू लागले, बांध ओलांडू लागले, एकदा तर विहिरीत डोकावताना त्यांची टोपी पडली. जानरावांचंही एक चित्र निघालं, पण त्यांना गावात कोणी ओळखलं नाही, आणि याचं भगवानरावांना मनापासून वाईट वाटलं असं ते सगळ्यांना सांगत फिरले.

पुढे प्लास्टर निघालं. शालूबाई वॉकर धरून ओसरीभर चालू लागल्या. पाय बारीक झाला होता, पाऊल अवघडून पडत होतं. एका सकाळी मोबाईल हातात घेऊन त्यांनी सुनेला विचारलं, की पाय मोडायच्या आधी मी कशी चालत होते? स्वतःलाच काढावं असं मनात आलं होतं, आणि गावभरच्या चाली ठाऊक असून आपली ठाऊक नव्हती. मंजुश्रीनं छान चालायच्या असं सांगितलं. त्याचा काही उपयोग नव्हता.

भगवानराव चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, खांद्यावरचा पंचा डोक्यावरून पदरासारखा घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारातून निघाले. लहान लहान, घाईची पावलं. शरीर डावीकडे किंचित झुकलेलं, कडेवर घागर असल्यासारखं. ओसरीच्या मध्यात ते थबकले, काय विसरलं ते बोटांवर मोजलं, परत आत डोकावले, कोणालातरी रागावले, आणि पुन्हा निघाले. समोरच्या घरातली बाई अंगण झाडता झाडता तशीच उभी राहिली.

शालूबाई हसायला लागल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले आणि मोबाईलवर नवं पान उघडलं.

"आनखी एकदा चाला," त्या म्हणाल्या. "आन वळतानी जरासं थांबा. पाय नाई दिसला."

भगवानरावांनी पंचा सावरला आणि ते स्वयंपाकघराच्या दारापासून पुन्हा निघाले.