ओढ्याचा रकाना

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, माझ्या टॉवेलच्या कारखान्यात होतो. त्याच्या मुलीने एवढंच सांगितलं, “काका, पप्पा सकाळी गेले... हार्ट अटॅक.” मी सगळे माग बंद करायला लावले. पाच-सहा आठवडे झाले, अजूनही बोट त्याच्या नंबरवर जातं, आणि मग मला त्याचाच राग येतो.

भवानी पेठेतल्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी घरच्या मागांवर गेलो, तो तलाठी झाला. गावात लोक त्याला भाऊसाहेब म्हणायचे, मी ‘सरकार’ म्हणून चिडवायचो. त्यात फार खोटं नव्हतं. कागद पूर्ण झाला की काम झालं, अशी त्याची पक्की समजूत होती.

मग त्याच्याकडच्या एका गावाजवळ, वळणावर, काळ्या तेलाचा टँकर उलटला. तेल ओढ्यात उतरलं, तिथून काठच्या विहिरीत. गाड्या आल्या, साहेब आले, फोटो निघाले. क्रेनने टँकर उचलला, रस्त्यावर माती टाकली, संध्याकाळी वाहतूक सुरू... आणि परिस्थिती नियंत्रणात असल्याचं जाहीर झालं! ओढ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पंचनामा मिलिंदने केला. छापील नमुन्यात रकाने तीन: पिकं, घरं, जनावरं. रानं रिकामी होती, घर पडलं नव्हतं, जनावर मेलं नव्हतं. तिन्हीकडे त्याने ‘निरंक’ लिहिलं, म्हणजे नुकसान काही नाही, आणि खाली सही ठोकली. मेंढरं राखणाऱ्या हौसाबाई तिथेच उभ्या होत्या.

“भाऊसाहेब, वड्याचं काय लिवलं?”

“मावशी, ओढ्याला रकाना नाही.”

“मग माजी मेंढरं आता रकान्यातलं पाणी पित्याल व्हय?”

हे त्याने मला दुसऱ्या दिवशी कारखान्यात येऊन सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याला वाया गेलेल्या सुताची पोती हवी होती, तेल टिपायला. त्यातच कळलं की आपला पंचनामा चुकला, प्रशासनाने रस्ता साफ केला पण पाणी तसंच सोडलं, असं त्याने वर लेखी कळवलंय. मी हादरलोच.

“काय करलालास बे? सरकारचा पगार खाऊन सरकारच्या नावाने बोंबा मारणार?”

“सरकार म्हणजे कोण बे? त्या कागदावर सही माझीच आहे की.”

साहेबांनी आधी ‘मिटलेलं उकरू नका’ म्हणून समजावलं, मग नोटीस दिली. ग्रामसभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, “प्रशासन चुकलं. पहिला मी चुकलो.” नोकरी जाईल म्हणून मी त्याच्याशी कडाडून भांडलो. अशा बाबतीत मी भित्रा आहे, आता लपवून काय करू? पोती मात्र पाठवत राहिलो. गावातली माणसं ओढ्यात सूत बुडवून तेल टिपायची, हौसाबाई मेंढरं लांबच्या तळ्यावर न्यायच्या, आणि मिलिंद दर आठवड्याला नवं पत्र लिहायचा. काही महिन्यांनी एकदाचं यंत्र आलं, ओढ्यातला काळा गाळ निघाला, विहीर उपसली गेली. पुन्हा फोटो निघाले. त्यांत मिलिंद नव्हता, तो हौसाबाईंबरोबर ओढ्याच्या काठी मेंढरं पाणी पितात का ते बघत बसला होता. प्यायली!

गेल्या आठवड्यात सातबारा उताऱ्यासाठी त्याच्या कार्यालयात गेलो. खरं तर उतारा ऑनलाइनही मिळतो... पण गेलो. त्याच्या खुर्चीवर आता एक तरुण मुलगी आहे. गारपिटीच्या पंचनाम्याला निघायची तिची गडबड चालली होती. टेबलावर कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा होता, झेरॉक्सवरून काढलेल्या झेरॉक्स. तीन छापील रकान्यांपुढे पेनाने ओढलेली चौथ्या रकान्याची एक तिरकी रेघ, आणि वर मिलिंदच्या अक्षरात: ‘ओढा, विहीर, पिण्याचं पाणी’.

मी बघतच राहिलो. ती पोरगी गोंधळली.

“काका, नमुना चुकीचा आहे का? मला इथे हाच मिळाला.”

कुणाचं अक्षर, कसली रेघ, सगळं सांगावंसं वाटलं...

“नाही बाळ,” मी म्हणालो, “असाच असतो.”

तिने गठ्ठा पिशवीत घातला आणि ती विहिरी बघायला निघाली.