'वाटतं' म्हणायचं न्हाई!

कोर्टातल्या जुन्या फायली ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. किस्से नष्ट करायचा नियम मात्र अजून कुणी काढलेला नाही. त्यामुळे ते साचत जातात, आणि चहाच्या कपाबरोबर एकेक बाहेर येतात.

मला लग्न आणि वकिलीची सनद एकाच महिन्यात मिळाली. सासरे वसमतच्या कोर्टात वकील. त्यांना घरी-दारी सगळे अप्पा म्हणतात. मी अकरापर्यंत त्यांची सून आणि अकरानंतर ज्युनिअर. दोन्हीकडे काम एकच, गप्प बसून बघायचं. मला ते बरं जमतं.

अप्पांचा पहिला धडा असा : "साक्षीदारानं पाह्यलं, ऐकलं तेवढंच सांगायचं. मत द्यायचा हक्क तज्ज्ञाचा. साक्षीदाराच्या तोंडून 'वाटतं' निघालं, की समोरचा वकील उठलाच म्हणून समज!"

*

एका भांडणाच्या केसमध्ये आमचा साक्षीदार होता हट्टा गावचा एक पानवाला. अप्पांनी विचारलं, "आरोपी त्या वेळी कसा होता?"

"दारू पेलेला वाटला."

समोरचा वकील उठला. "हे मत झालं!"

मॅडम जज म्हणाल्या, "वाटलं ते नको. काय पाहिलं ते सांगा."

पानवाल्यानं जरा विचार केला. "बरं. तो लाईटच्या खांबाला म्हणत होता, 'सरक की जरा, मला जाऊ दे.' मंग खांब सरकंना म्हणून तो खांबाच्या पाया पडला. म्या इतकंच पाह्यलं. दारूचं तुमी ठरवा!"

*

हा नियम घरातही लागू आहे, हे मला उशिरा कळलं.

एकदा जेवताना सासूबाईंनी विचारलं, "वरण कसं झालंय गं?" नव्या सुनेला विचारायचा प्रश्न आहे का हा! मी घाबरत म्हटलं, "जरा खारट वाटतं."

"वाटतं नको!" अप्पा ताटावरून कडाडले.

मी शांतपणे म्हटलं, "अप्पा वरणाच्या दोन घासांत तीनदा पाणी प्यायले."

सासूबाईंनी अप्पांकडे पाहिलं. पुढची साक्ष त्यांची त्यांनाच द्यावी लागली.

*

पण तज्ज्ञांचं कौतुक केलं नाही तर पाप लागेल. सरकारी दवाखान्याचे एक तरुण डॉक्टर साक्षीला आले होते. जखम कशानं झाली यावर अख्खी केस.

"दगडावर पडून अशी जखम होऊ शकते?"

"होऊ शकते."

"काठीनं?"

"तीही होऊ शकते."

वकील चिडला. "अहो, तुम्ही तज्ज्ञ ना? मग नक्की कशानं झाली?"

"नक्की ते तिथं असणाऱ्यांना ठाऊक. मी फक्त शिवली!"

अप्पा बाहेर येऊन म्हणाले, "आपल्याला कुठपर्यंत कळतं ते ज्याला कळतं, तो खरा तज्ज्ञ."

*

युसूफचाचा हळदीचे व्यापारी. बेणं एका जातीचं म्हणून विकलं आणि उगवलं दुसरंच, असा एक दावा होता. हळद ओळखायला अप्पांनी चाचांना उभं केलं.

समोरच्या वकिलानं विचारलं, "शिक्षण?"

"चौथी. पाचवीत बी बसलो होतो, पण मास्तरला पटलं न्हाई."

"मग तज्ज्ञ कुठल्या संस्थेनं केलं तुम्हाला?"

"ह्या नाकानं."

वकिलानं खिशातून हळकुंडाचे दोन तुकडे काढले. "मग सांगा, यातला कुठला कुठल्या जातीचा?"

चाचांनी दोन्ही हुंगले. मोडलेल्या कडा उजेडात धरल्या. मग एकाला एक लावून बघितला. बरोबर बसला!

"वकीलसाब, काहून एवढी तकलीफ घेतली? एकच हळकुंड मोडून आणलं की तुमी!"

तो वकील आता वर्षाची हळद चाचांकडूनच भरतो.

*

आणि शेवंताबाई.

आमची पक्षकार, वय सत्तरीच्या पुढं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. पुतण्यानं एक कागद काढला. म्हणाला, चुलत्यानं राहतं घर मला लिहून दिलंय, खाली चुलत्याची सही. कागद खरा ठरला, तर शेवंताबाई घराबाहेर. दर तारखेला ती घराची किल्ली पदराच्या गाठीत बांधून यायची आणि बसल्या बसल्या गाठ चाचपायची.

हस्ताक्षर तज्ज्ञानं त्या दिवशी सकाळीच साक्ष दिली : ताडून बघायला खऱ्या सह्या फार थोड्या, मत देता येत नाही. परतीची एसटी चुकली म्हणून तो मागच्या बाकावर बसून राहिला.

आता उरली शेवंताबाई. कायद्यात एक सोय आहे. ज्यानं एखाद्याला लिहिताना पाहिलंय, त्याचं त्या अक्षराबद्दलचं मत चालतं. मग तो तज्ज्ञ नसला तरी.

पण गाडी पहिल्याच प्रश्नाला अडली. "पतीचं नाव?"

शेवंताबाईनं पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलेलं नाही.

"मग उखाणा घ्या मावशी!" कुणीतरी म्हणालं. कोर्ट हसलं. नवऱ्याला नावानं हाक मारणारी मी मात्र मान खाली घालून बसले.

शेवंताबाई म्हणाली, "कागद द्या."

स्वतःच्या नावाला अंगठा लावणारी बाई! पण हाफिसात नाव घ्यायची पाळी येऊ नये, म्हणून नवऱ्यानं तिला तेवढंच एक लिहायला शिकवलं होतं. तिनं आधी एक लांब रेघ ओढली. मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगलं. किसन.

समोरचा वकील उठला. "वाचता येतं का बाई तुम्हाला?"

"न्हाई."

"म्हणजे दाव्यातली सही त्यांची नाही, असं तुम्हाला नुसतं वाटतं!"

"वाटत न्हाई, साहेब. दिसून राह्यलं. आमचे हे आदुगर दोरी बांधायचे, मंग कपडे वाळू घालायचे. ह्या कागदावर कपडे आदी घातले अन् दोरी मागून बांधली. अशानं कपडे खाली पडतेत की!"

मॅडमनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात बघते तर हस्ताक्षर तज्ज्ञ शेवंताबाईजवळ जमिनीवर बसलेला, मांडीवर वही. "आजी, ते दोरीचं परत एकदा सांगा. हळू."

त्यानं परवानगी मागून कागद पुन्हा तपासला. पुढच्या तारखेला पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिला. खऱ्या सह्यांत रेघ आधी, अक्षरं नंतर. दाव्यातल्या सहीत उलटं. शाईवर शाई चढलेली भिंगातून स्पष्ट दिसते, म्हणाला.

समोरचा वकील लालेलाल. "मागच्या तारखेला मत देता येत नव्हतं! मग हे एवढ्यात कुठल्या संस्थेत शिकून आलात?"

"याच कोर्टाच्या व्हरांड्यात."

मागच्या बाकावर शेवंताबाईनं पदराची गाठ चाचपली. किल्ली होती.