अर्धा माळ

सतरंजी झटकताना तिच्यात अडकलेलं कुसळ बोटाला टोचलं आणि मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची सभा आठवली. झाडं-पाखरांसाठी राखीव ठेवायच्या दोन जागा गावाला निवडायच्या होत्या. मी केलेल्या पाहणीच्या गुणांमध्ये नाल्याकाठच्या दोन राया पुढे होत्या, पण दोन्हींत झाडं-पाखरं तीच. म्हणून मी दुसरी राई वगळून गवताचा माळ सुचवला, कारण चंडोल आणि लावे फक्त तिथेच होते. वाळल्या गवताचा गोडसर वास मांडवात येत होता. मागून शेळ्या राखणारी एक बाई उठली. "मॅडम, तुमी माळ कोनापासून राखून राह्यल्या? आमच्या बकऱ्यायपासूनच ना?" सरपंच हसले, "मंग बकऱ्यायलेच इचारा." ती हसली नाही, तिच्या शेळ्यांना दुसरं रान नव्हतं. मी नवा प्रस्ताव मांडला: पिल्लं उडेपर्यंत अर्धा माळ बंद, अर्धा चराईला खुला. "चालते. पन तिथं चौकीदार नोको," ती म्हणाली, "मीच राखतो. बकऱ्या माह्यं आयकतात, त्याचं कायले आयकतीन?" सभेने हात वर करून मंजुरी दिली. त्या माळाला आजही कुंपण नाही. दरवर्षी कुठला अर्धा बंद ठेवायचा, ते तीच मला फोन करून सांगते.