धाकट्या बाई

निजामाच्या राजवटीत उस्मानाबादच्या आमच्या मुलींच्या शाळेत बास्केटबॉलच्या दोन बाई होत्या. मोठ्या बाई लिंबाखाली बसून शिट्टी फुंकायच्या, अन् त्यांच्या हाताखालच्या धाकट्या बाई पदर खोचून आमच्यासंगं धावायच्या. "पळा की गं! पायाला मेंदी लावलीय व्हय?"

एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "लडकियोंको ये खेल कायकू? बंद करो."

मोठ्या बाईंनी लगेच गळ्यातली शिट्टी काढून ठेवली. धाकट्या बाईंनी चेंडू सरळ साहेबांच्या हातात दिला. "करा बंद, पण आधी एकडाव टाकून बघा."

साहेबांचा नेम चुकला. पुन्हा चुकला. मग त्यांनी शेरवानीच उतरवली! आम्ही एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होतो. धाकट्या बाई मात्र गंभीर. "कोपर आत घ्या, साहेब."

साहेबांनी निमूट घेतलं. चेंडू कडीतून गेला, तसे ते ओरडले, "और एक!"